केशसखी

मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हर्षदा चौगुले चौदा वर्षं काम करत होती आणि या चौदा वर्षांत तिने एकदाही नाकाला रुमाल लावला नव्हता. शौचाचे डबे, क्षयाच्या रुग्णांची थुंकी, गळवातला पू, सगळं तिच्या हातांखालून जायचं. नवीन लागलेल्या मुली पहिला आठवडा जेवणाचा डबा उघडायच्या नाहीत. हर्षदा हात धुऊन पलीकडच्या खोलीत बसायची आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी निवांत खायची. "किळस ही सवय असते," ती त्यांना सांगायची. "लागते तशी मोडते."

त्यामुळे किळस तिच्याच घरात, तिच्याच बाबतीत सुरू झाली तेव्हा ती ओळखायला तिला जरा वेळ लागला.

डेंगीनंतर तिचे केस गळायला लागले होते. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग न्हाणीघराच्या जाळीवर. तापानंतर गळतात, सहा महिन्यांत परत येतील, असं डॉक्टर म्हणाले. दीड वर्ष गेलं. भांग दोन बोटं रुंद झाला आणि लॅबच्या ट्यूबलाइटखाली मागे उभ्या असलेल्या माणसाला तिच्या डोक्याची गुलाबी कातडी दिसायला लागली.

तिचा नवरा अभिनंदन तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर होता. शांत माणूस. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. न्हाणीघराच्या जाळीवरचा केसांचा गुंता तो पायाच्या अंगठ्याने बाजूला सारायचा आणि मग तो अंगठा साबणाने दोनदा धुवायचा. त्यांचं घर जैनांचं, त्यामुळे रात्रीचं जेवण सूर्य मावळायच्या आत. एके दिवशी जेवताना त्याच्या आमटीत केस निघाला. त्याने तो दोन बोटांत धरून ताटाच्या कडेला ठेवला, ताट सरकवलं आणि उठला.

"माझा असंल गं," सासूबाई म्हणाल्या. सुमतीबाईंच्या डोक्यावर सगळे पांढरे केस होते आणि ताटाच्या कडेचा केस काळा होता. हर्षदाने तो उचलला, ताट घासलं आणि त्या दिवसापासून घरातही डोक्याला फडकं बांधून स्वयंपाक करायला लागली.

महिनाभरात अभिनंदनने स्वतःचा टॉवेल वेगळा केला. मग उशी. पुतणीच्या लग्नाला जयसिंगपूरला निघताना तो म्हणाला, "गंगावन लावलंस तर बरं होईल. लोक बघत राहतात." त्याने हे चावी शोधता शोधता म्हटलं, तिच्याकडे न बघता. त्याला तिच्याकडे बघवत नाही हे हर्षदाला त्या क्षणी कळलं.

चार दिवसांनी ती सांगलीला 'केशसखी' या केसांचे उपचार करणाऱ्या कंपनीच्या क्लिनिकमध्ये जाऊन बसली.

डॉक्टर ऋजुता सबनीस चाळिशीच्या होत्या. त्यांचे केस इतके दाट होते की मान वळवली की केसांचा झोत थोडा उशिरा वळायचा. त्यांनी पडद्यावर केसाच्या मुळाचं चित्र दाखवलं. मुळाशी पेशींचा एक लहानसा गोळा असतो. तो खूण करतो तोवर केस वाढतो. तो गप्प बसला की केस गळतो आणि मूळ झोपी जातं. विरळ झालेल्या डोक्यावरची मुळं मेलेली नसतात, बरीचशी नुसती झोपलेली असतात. त्यांना उठवणारं प्रथिन शास्त्रज्ञांना कधीचं ठाऊक होतं, पण ते मुळापर्यंत पोचवायचं कसं हे कोणाला जमत नव्हतं. वरून लावलं तर कातडीतून आत जात नाही, सुईने टोचलं तर काही तासांत विरून जातं, आणि एका डोक्यावर मुळं असतात लाखभर.

"म्हणजे असा कोणीतरी हवा," डॉक्टर म्हणाल्या, "जो आपणहून एकेका मुळाशी जाईल, तिथेच राहील आणि रोज थोडं थोडं प्रथिन देत राहील. आणि गंमत म्हणजे असा एक जीव आपल्या सगळ्यांच्या अंगावर आधीपासूनच आहे."

हर्षदाला ते नाव माहीत होतं. भुवईच्या, पापणीच्या केसांची तपासणी करताना तिने ते जीव कित्येकदा पाहिले होते. "डेमोडेक्स," ती म्हणाली. "माइट. गोचिडाच्या नात्यातला."

"तो शब्द आम्ही वापरत नाही," डॉक्टर हसल्या. "आम्ही सखी म्हणतो. पण तुम्ही लॅबमधल्या, तुमच्यापासून काय लपवायचं. हो, तोच. त्याच्यात हे प्रथिन तयार करणारं जनुक घातलंय. शिवाय एक हिरवा चमकणारा रंगही, म्हणजे आमची जात साध्या जातीपासून ओळखता येते."

"आणि त्या पसरल्या तर?"

"पसरणार नाहीत. त्यांना जगायला एक द्रव्य लागतं, ते माणसाच्या कातडीत नसतं. ते आम्ही तेलातून देतो. आठवड्याला एकदा डोक्याला तेल लावायचं. तेल थांबवलं की पंधरा दिवसांत सगळ्या संपतात."

"संपतात म्हणजे मुळातच मरून पडतात."

"मरतात, विरघळतात. आपल्या कातडीत रोज किती पेशी मरतात, त्याचं आपण काही वाटून घेतो का?"

हर्षदाने सही केली. घरी सांगितलं की औषधी तेल सुरू केलंय.

तिसऱ्या महिन्यात भांगाच्या दोन्ही बाजूंना लव आली. पाचव्या महिन्यात लव काळी झाली. सहाव्या महिन्यात लॅबमधल्या मुली विचारायला लागल्या. केस नुसते आले नव्हते, लग्नाआधी होते त्याहून दाट आले होते.

एका सकाळी नमुने यायच्या आधी लॅब रिकामी होती. क्षयाच्या तपासणीसाठी त्यांच्याकडे निळ्या प्रकाशाचा मायक्रोस्कोप होता. हर्षदाने पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा भांगावर दाबला, उचलला आणि काचेवर चिकटवून मायक्रोस्कोपखाली ठेवला.

काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरव्या अळ्या दिसल्या. पुढच्या टोकाला आठ आखूड पाय आणि मागे लांब मऊ शेपूट. एका केसाच्या मुळापाशी पाच जणी एकीला एक चिकटून, डोकं खाली खुपसून बसल्या होत्या. बाजूला अंड्यांचा पुंजका होता. दिव्याची ऊब लागली तसे पाय हलायला लागले, हळूहळू, एकामागोमाग एक, जणू काही तरी मळत असावेत. त्यांच्यामध्ये एक मेलेली होती. तिचं अंग फुटून आतलं सगळं केसाला फासलं गेलं होतं.

हर्षदाने दिवा बंद केला. कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. हातावर काही नव्हतं, जे होतं ते डोक्यावर होतं, आणि डोकं काढून ठेवता येत नव्हतं. तिच्या टाळूवर सगळीकडे एकदम वळवळायला लागलं. प्रत्यक्षात तसं काही जाणवत नसतं हे तिला माहीत होतं, तरी ती दिवसभर पेनाच्या टोकाने डोकं खाजवत राहिली.

"डबा का उघडला नाहीस?" रेहानाने दुपारी विचारलं. रेहाना मुजावर तिच्या शेजारच्या टेबलावर दहा वर्षं बसत होती.

"भूक नाही."

तेल बंद करायचं असं हर्षदाने घरी जाताना ठरवलं. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. अभिनंदन मागून आला आणि त्याने तिच्या केसांत हात घातला, मुळापर्यंत, सगळी बोटं. दोन वर्षांत त्याने तिला असा हात लावला नव्हता. "किती छान झालेत," तो म्हणाला आणि त्याने केसांत नाक खुपसलं. त्या बोटांखाली काय आहे ते हर्षदाला स्पष्ट दिसत होतं. ती हलली नाही. रविवारी तिने नेहमीप्रमाणे तेल लावलं.

पुढच्या महिन्यात रेहानाने तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. "हे बघ. त्वचारोगाच्या विभागाकडून आलंय."

निळ्या प्रकाशात हिरव्या अळ्या होत्या.

"केशसखी," हर्षदा म्हणाली. "डोक्यावरचा नमुना असेल."

"गालावरचा आहे. बारा वर्षांची मुलगी, कुपवाडची. गालांवर, कपाळावर काळे केस आलेत. केशसखी तिच्या आईनं केलंय. मुलीच्या अंगाला तेलाचा थेंबसुद्धा लागलेला नाही."

दोघींनाही एकदमच उलगडा झाला. कंपनीचे माइट बाईच्या अंगावरच्या साध्या माइटांशी जुगले होते. पिल्लांनी आईकडून प्रथिन आणि हिरवा रंग घेतला, बापाकडून तेलावाचून जगण्याची ताकद. ही नवी जात उशीवरून, कंगव्यावरून, गालाला गाल लागून घरभर जात होती. आणि साध्या माइटांचं आवडतं ठिकाण डोकं नव्हतंच, चेहरा होता. अगदी लहान मुलांच्या कातडीला तेलकटपणा नसतो म्हणून तिथे ते फारसे टिकत नाहीत, पण अकरा-बाराव्या वर्षी कातडी तेलकट व्हायला लागते आणि त्यांना घर मिळतं. आता ते जिथे जातील तिथलं झोपलेलं मूळ उठवत होते.

"पण तू बघताक्षणीच कसं ओळखलंस?" रेहानाने विचारलं. मग तिने हर्षदाच्या केसांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. फक्त तिची खुर्ची वीतभर मागे सरकली. ते तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं.

हर्षदाची मुलगी अन्वी अकरा वर्षांची होती. त्या दिवशी ती खिडकीशी गृहपाठ करत बसली होती आणि तिरपं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. कानशिलापासून जबड्यापर्यंत दाट लव होती. वरच्या ओठावर तर आता लव नव्हे, काळी मिशीच दिसत होती. हर्षदाने ते आधी पाहिलं होतं आणि वय म्हणून सोडून दिलं होतं.

"शाळेत मला अस्वल म्हणतात," अन्वी वहीतून डोकं न काढता म्हणाली.

हर्षदाने तिच्या गालावर चिकटपट्टी दाबली.

"हे काय करतेस?"

"बघते जरा."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने हिरवे माइट मोजले. एका पट्टीवर सात. तिने काच कागदात गुंडाळून आपल्या लॉकरमध्ये ठेवली.

यावर उपाय काय हे तिला सांगायला कोणी लागत नव्हतं. खरजेवरचं जुनं मलम या किड्यांना मारतं. पण घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायला हवं, नाहीतर एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर पुन्हा येतील. आणि इतक्या दाट केसांत ते मुळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे डोकी भादरायला हवीत. किडे मेले की हर्षदाच्या डोक्यातली मुळं परत झोपणार, यावेळी कायमची.

तीन दिवस ती काच लॉकरमध्ये राहिली. तीन दिवस हर्षदा सकाळी आरशासमोर उभी राहून केस विंचरत होती, वेणी घालत होती, कामाला जात होती. पुढच्या आठवड्यात सांगू, परीक्षा झाल्यावर सांगू, असा विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण मुलीचा गाल एका पारड्यात घातलाय आणि अजून दुसऱ्या पारड्याकडेच बघतोय. तिला स्वतःची शिसारी आली. तरी त्या दिवशीही तिने घरी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अन्वी न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर रक्त होतं. तिने बापाचा वस्तरा वापरला होता, साबण न लावता, कोरडाच. "काळी लव गेली ना?" तिने विचारलं.

हर्षदाने तिचे गाल पुसले, तिला शाळेत पाठवलं नाही आणि तशीच सांगलीला गेली.

डॉक्टर सबनीसांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना धक्का बसला नाही. "असं काही घरांत होतंय," त्या म्हणाल्या. "प्रमाण फार कमी आहे. मुलीच्या गालासाठी आमचं नवीन क्रीम आलंय, केस काढायचं. तुमच्यासारख्यांना ते आम्ही फुकट देतो. एवढ्या कागदावर सही केलीत की झालं."

कागदावर लिहिलं होतं की ही बाब आपण बाहेर बोलणार नाही.

"तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"हर्षदाताई, या खोलीत बसून बायका माझ्यासमोर काय रडल्यात ते मी पाहिलंय. एकीला नवऱ्यानं देवळात बरोबर नेणं बंद केलं होतं. त्यांना मी काय सांगू, की मुलीच्या गालावर चार केस येतील म्हणून तुम्ही तशाच राहा? आणि घरातल्या पुरुषांची तर तक्रारच नाही बघा." त्या किंचित हसल्या. "एकाही पुरुषानं अजून तक्रार केलेली नाही."

ते वाक्य हर्षदाला बसमध्ये उमगलं. अभिनंदनच्या डोक्याच्या मागे रुपयाएवढं टक्कल होतं. ते शेवटचं कधी पाहिलं हे तिला आठवेना.

त्या संध्याकाळी अजून उजेड होता. सगळ्यांची जेवणं झाली तशी हर्षदाने अन्वीला शेजारी खेळायला पाठवलं आणि नवऱ्याला आणि सासूबाईंना काही न लपवता सगळं सांगितलं. मग फोनवर काचेचा फोटो दाखवला.

अभिनंदन उठून बेसिनपाशी गेला. त्याने चेहरा धुतला, साबण लावून पुन्हा धुतला, नखांनी कपाळ खरवडलं, चुळा भरल्या. मग तो वाकून ओकला. सुमतीबाई जागच्या हलल्या नाहीत.

"हे डोक्यात घेऊन तू माझ्या शेजारी झोपत होतीस," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मी त्यात हात घालत होतो. मला किळस येते तुझी."

"मला माहीत आहे," हर्षदा म्हणाली. "केस नव्हते तेव्हापासून माहीत आहे. त्याबद्दल तुम्ही नंतर काय हवं ते बोला. उद्या रविवार आहे. उद्या सगळ्यांनी डोकी भादरून मलम लावायचं. माझ्याबरोबर तुम्ही आणि आईंनीपण. अन्वीचे केस अगदी बारीक करू. तीन आठवडे, दर रविवारी."

अभिनंदनने टॉवेलने तोंड पुसलं. मग त्याचा हात डोक्याच्या मागे गेला. तिथे आता दाट काळे केस होते. हात तिथेच राहिला.

"सगळ्यांनी कशाला?" तो म्हणाला. "त्रास अन्वीला होतोय. तिला लाव. तुला लावायचं तर तू लाव."

"तुमच्या अंगावर राहिले तर तिच्या अंगावर परत येतील."

"मी तिच्यापासून जरा लांब राहीन."

"किती दिवस?"

"बघू की. माझ्या चेहऱ्याला काही झालेलं नाही. पुरुषाच्या गालावर केस असतातच." तो थांबला. "उगाच सगळ्या घरानं तमाशा कशाला करायचा? मला रोज लोकांत जावं लागतं, सौद्यांना बसावं लागतं."

बेसिनमध्ये त्याची ओकारी अजून तशीच होती. तो पाठमोरा आरशात बघत होता आणि त्याची बोटं त्या जागेवरचे केस नीट बसवत होती. माइटांच्या फोटोकडे बघून हर्षदाला आता काहीच होत नव्हतं. या बोटांकडे बघवत नव्हतं.

सुमतीबाईंनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. मग सुनेला विचारलं, "त्या मलमानं हे जीव मरणार न्हवं?"

"हो, आई. सगळे मरतील."

"किती असतील?"

"माझ्या एकटीच्या डोक्यात चाळीस-पन्नास हजार."

सुमतीबाईंनी डोळे मिटले. पन्नास वर्षं त्यांनी कधी न गाळलेलं पाणी पिऊ दिलं नव्हतं. गाळण्यावर राहिलेले बारीक जीव त्या पुन्हा आडाच्या पाण्यात सोडायला स्वतः जायच्या, पावसात, तापात, कशीही अडचण असो. मुंगी चालली असली की त्या झाडू थांबवायच्या. आता त्या नकार देणार असं हर्षदाला वाटलं.

"पाप हाय ते," त्या म्हणाल्या. "न्हाई असं मी म्हणणार न्हाई. जेनं त्यास्नी असं जलमाला घातलं त्येचं हाय, तुझं हाय, आन उद्या माझंबी हाय. मी उपास धरीन, महाराजांकडं जाऊन सांगीन. पर पोरीनं तोंडावर वस्तरा चालवलाय. माझं डोकं आधी भादर."

अभिनंदनने त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि तो तासगावला कोल्ड स्टोरेजच्या खोलीवर राहायला गेला. जाताना म्हणाला, सीझन संपला की बघू.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात हर्षदाने मशीन चालवून सासूबाईंचं डोकं भादरलं आणि सासूबाईंनी तिचं. हर्षदाचे केस इतके पडले की सुमतीबाईंना ते दोनदा ओढून बाजूला करावे लागले. त्यांना हातमोजे दिले होते तरी त्या अंग चोरत होत्या. अन्वी केस कापताना रडली, मग आजीच्या डोक्याला हात लावून बघितला आणि थांबली. केस पिवळ्या पिशवीत बांधून हर्षदाने लॅबच्या जाळायच्या कचऱ्यात टाकले.

पुढचा आठवडा घाणेरडा गेला. किडे मुळामुळांत मरून पडले आणि हर्षदाची टाळू सुजली. तिच्यावर मोहरीएवढे पिवळे फोड उठले, फुटले, त्यांतून चिकट पाणी आलं. डोक्याला आंबलेल्या पिठासारखा वास यायचा. उशीचा अभ्रा सकाळी सोलून काढावा लागायचा. हर्षदा रोज मिठाच्या पाण्याने डोकं धुवायची आणि ते पाणी वाहून जाताना बघायची. चौथ्या दिवशी रेहाना आली, जमिनीवर तिच्या शेजारी बसली, हातमोजे चढवले आणि फोड पुसायला लागली.

"तुला घाण नाही वाटत?" हर्षदाने विचारलं.

"वाटते की," रेहाना म्हणाली. "मान खाली कर."

बरं वाटल्यावर दोघींनी मिळून सगळ्या नमुन्यांचा अहवाल केला आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना नेऊन दिला. हर्षदाने त्यावर स्वतःचं नाव घातलं. तीन आठवड्यांनी केशसखीवर तात्पुरती बंदी आली. दुसऱ्याच दिवशी क्लिनिकसमोर दीडशे बायका जमल्या. हर्षदाला वाटलं, भरपाई मागायला आल्या असतील. त्या तेल मागायला आल्या होत्या. तेलावाचून जगणारी जात अजून सगळ्यांच्या डोक्यात पोचली नव्हती आणि त्यांचे केस गळायला लागले होते. काहींबरोबर त्यांच्या मुली होत्या, आणि त्या मुलींनी तोंडाला ओढण्या बांधल्या होत्या. हर्षदा रस्त्याच्या पलीकडे उघड्या डोक्याने उभी होती. गर्दीतल्या एका बाईने तिच्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि आपल्या मुलीला दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं.

सहाव्या आठवड्यात अन्वीच्या गालावरची पट्टी स्वच्छ निघाली. हर्षदाने ती काच तीनदा तपासली, मग रेहानाकडून तपासून घेतली. सुमतीबाईंची आणि तिची स्वतःचीही स्वच्छ होती. अन्वीच्या गालावरचे काळे केस गळत चालले होते. हर्षदाच्या डोक्यावर थोडी विरळ लव होती, डेंगीनंतर होती तेवढीसुद्धा नाही. ती तशीच कामावर जात होती.

त्या रविवारी अभिनंदन आला. सकाळची वेळ होती, दार उघडंच होतं. तो पायरीशी थांबला. त्याने नवा शर्ट घातला होता आणि केस मागे वळवले होते. आता ते मानेवर रुळत होते. पण हर्षदा लॅबमधली होती, तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. त्याने नुकतीच दाढी केली होती आणि ती डोळ्यांच्या खालपर्यंत केली होती. गालाच्या वरची कातडी निळसर दिसत होती. कानाच्या पाळीवर केसांची कड आली होती. नाकाच्या शेंड्यावर दोन केस त्याच्या नजरेतून सुटले होते.

"येऊ का आत?" त्याने विचारलं.

"मलम लावलंत?"

"लावणार आहे. सौदे चालू आहेत. पुढच्या महिन्यात लावतो."

आवाज ऐकून अन्वी बाहेर आली. त्याने हात पुढे केले. "काय गं, किती बारीक कापलेत केस. ये इकडे."

अन्वी दाराच्या आत थांबली. तिने त्याच्या गालांकडे पाहिलं, कानांकडे पाहिलं. "पप्पा, तुम्ही तिथंच थांबा," ती म्हणाली. पाहुण्याशी बोलावं तशी ती नीट, सभ्यपणे म्हणाली.

"अगं, मीच आहे की." तो हसला आणि त्याने केसांवरून हात फिरवून ते सारखे केले.

सुमतीबाईंनी आतून पाण्याचा ग्लास आणला आणि त्याच्या हातात न देता पायरीवर ठेवला. तो उभ्यानेच पाणी प्याला. सगळ्यांची चौकशी केली, पावसाचं काहीतरी बोलला. मग तो निघाला. फाटकाशी त्याने मागे वळून पाहिलं, पण ते घराकडे होतं की गाडीच्या आरशाकडे, हे हर्षदाला सांगता आलं नसतं.

सुमतीबाईंनी ग्लास आत नेला नाही. त्यांनी आधणाचं पाणी आणून तो पायरीवरच धुतला.

"आई," अन्वी म्हणाली, "माझी पट्टी परत घेशील?"

"कशाला? त्यांनी तुला हातसुद्धा लावला नाही."

"तरी घे."

हर्षदा आत गेली आणि चिकटपट्टी घेऊन आली. अन्वी उजेडात येऊन उभी राहिली, गाल पुढे केला आणि डोळे मिटून घेतले.